फिरती सॉ मिल 'परवडत नाही' म्हणणाऱ्यांनो, हिशोब कोणाच्या बाजूने मांडताय?

आजची नोंद जरा लांब आहे, पण ज्यांच्या बांधावर साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

"फिरती सॉ मिल म्हणजे खेळणं हो. तासाला कापून कापून किती कापणार ती?" हे वाक्य मी लाकूड व्यापाऱ्यांकडून ऐकलं, सॉ मिलवाल्यांकडून ऐकलं, आणि आता शेती शिकलेली माणसंही तेच बोलायला लागलीत. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्नच गिरणीमालकाचा आहे. त्याचं भांडवल गिरणीत अडकलंय, म्हणून त्याने तासाला किती घनफूट हे बघायलाच हवं. आपलं भांडवल झाडात अडकलंय, तेही वीस-पंचवीस वर्षं. आपण बघायचं ते हे, की झाडाच्या किमतीतला किती भाग आपल्या घरात आला आणि किती रस्त्यात, वखारीत आणि भुशात गेला. या मापाने मोजलं तर फिरती मिल खेळणं राहत नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन रुळांवर सरकणारी आडवी पट्टी करवत, म्हणजे बँड सॉ, वर पेट्रोल किंवा डिझेल इंजिन, आणि खाली ट्रेलरची चाकं. ओंडका जागेवर पक्का बसतो आणि करवत त्याच्यावरून सरकते. एक इंच, दीड इंच, हवी तेवढी जाडी लावायची आणि फळी काढायची. दोन-तीन माणसांत काम होतं. गोल पात्याचाही एक प्रकार आहे, ज्यात पातं आडवं-उभं फिरवून फळी निघते. सगळ्यात स्वस्त म्हणजे कटरला, म्हणजे चेनसॉला लावायची चौकट. तिन्ही प्रकारांत तत्त्व एकच: ओंडका गिरणीकडे न जाता गिरणी ओंडक्याकडे येते.

आणि हे काही परदेशी खूळ नाही. जुन्या माणसांना विचारा. घर बांधायचं ठरलं की करवतीवाले दारात यायचे. ओंडका घोडीवर चढवायचा, एक माणूस वर, एक खाली, आणि वासे-फळ्या अंगणातच कापून व्हायच्या. झाड मालकाचं, लाकूड मालकाचं, करवतीवाल्याला कापाईची मजुरी. झाड उभ्या उभ्या विकून टाकायची पद्धत नंतर पक्की झाली.

आता हिशोबाला बसू. वही घ्या.

समजा साल काढलेला ओंडका आहे. मध्यावर घेर ४८ इंच, लांबी ८ फूट. व्यापारी काय करतो? घेराला चारने भागतो, १२ इंच, म्हणजे १ फूट. त्याचा वर्ग १, गुणिले लांबी ८. झालं ८ घनफूट. ही चौथाई घेराची पद्धत इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात एडवर्ड हॉपसच्या तक्त्यांमुळे रूढ झाली आणि इंग्रजांबरोबर इकडे आली. आता शाळेतलं वर्तुळाचं सूत्र लावा. ४ फूट घेराच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण १.२७ चौरस फूट. गुणिले ८. खरं लाकूड १०.१८ घनफूट. म्हणजे ओंडक्यात जेवढं लाकूड आहे त्यातलं साडेएकवीस टक्के मोजमापातच नाहीसं झालं.

व्यापारी सांगतो, "गोल लाकूड चौकोनी करताना कडा वाया जातात, त्याची ती सूट." ठीक आहे. पण त्या कडा कुठे जातात? त्याच्या वखारीत त्यांच्या रिपा निघतात आणि उरलेलं जळाऊ म्हणून विकलं जातं. सूट आपल्याकडून, विक्री त्याची. आणि हे झालं मोजून घेणाऱ्याचं. आपल्याकडे बरेच सौदे उक्ते होतात. "त्या वरच्या सहा झाडांचे एवढे देतो." तिथे टेपच निघत नाही, मग सूत्र काय नि चौथाई काय.

पुढे चला. त्याच ओंडक्याचा व्यास सव्वापंधरा इंचाच्या आसपास. त्यातून चौकोनी गाभा काढला तर बाजू १०.८ इंच, म्हणजे २७४ मिलिमीटर. त्याच्या एक इंची फळ्या पाडायच्या. प्रत्येक कापाला करवत थोडं लाकूड खाते, त्याचा भुसा होतो. फिरत्या बँड मिलचं पातं अरुंद आणि पातळ असतं, कापाची रुंदी २ मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या गिरणीची रुंद पट्टी साधारण ३ मिलिमीटर खाते. गोल पातं ६ धरा. कटर ९ मिलिमीटर तरी खातो.

२ मिलिमीटरने १० फळ्या निघतात.
३ मिलिमीटरने ९.
६ मिलिमीटरने ८.
९ मिलिमीटरनेही ८, त्याही जेमतेम.

१० फळ्या म्हणजे ६ घनफूट, ९ म्हणजे ५.४, ८ म्हणजे ४.८. कडेच्या रिपा वेगळ्या. ओल्या लाकडात आकसण्यासाठी जाडीला थोडा वाढावा ठेवावा लागतो, त्यामुळे सगळेच आकडे थोडे खाली येतील, पण क्रम हाच राहील.

आता गंमत बघा. १० फळ्यांचे ६ घनफूट भागिले खरं लाकूड १०.१८, उतारा ५९ टक्के. तेच ६ भागिले व्यापाऱ्याचे ८, उतारा ७५ टक्के. ओंडका तोच, फळ्या त्याच. म्हणून कोणी तुम्हाला "आमच्या गिरणीचा उतारा पंचाहत्तर टक्के" असं ऐकवलं तर आधी विचारा, कशाच्या पंचाहत्तर? छेद कुठला? फिरत्या मिलची विक्री करणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारा, त्यांना सूट नको.

मी इथे प्रामाणिक राहतो. मोठी बँड सॉ आणि फिरती बँड सॉ यांत या ओंडक्यामागे फरक एका फळीचा आहे, आणि तोही पातं धारदार, ताण बरोबर आणि ऑपरेटर जाणता असेल तर. पातं बोथट झालं की लाटा मारतं, फळी एका टोकाला जाड, एका टोकाला पातळ येते, आणि वाचवलेली फळी रंध्यात जाते. ऐन-किंजळीसारख्या कडक लाकडाला, त्यात माती-खडा लागलेला असेल तर, पातं पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. वेगातही फिरती मिल मोठ्या गिरणीला गाठणार नाही. आपल्या लाकडात, आपल्या वाकड्या ओंडक्यांत, दिवसाला ४० ते ८० घनफूट फळी पडली तर काम चांगलं झालं असा माझा अंदाज. मोठी गिरणी याच्या कितीतरी पुढे जाते. ज्याच्याकडे रोज ट्रक भरून एकसारखे ओंडके येतात त्याने मोठीच गिरणी चालवावी.

पण आपल्याकडे ट्रकभर ओंडके असतात का? खरी मेख इथे आहे. एकाच्या बांधावर चार साग, दुसऱ्याच्या वाडीत दोन फणस नि एक न धरणारा आंबा. एवढ्यासाठी ट्रक परवडत नाही, म्हणून माणूस उभं झाड विकतो. आणि ट्रक केलाच, तरी काय वाहतो आपण? १०.१८ घनफुटांतून ६ घनफूट फळी येणार असेल, तर उरलेल्या चारांचं भाडं हे कडांचं आणि भुशाचं भाडं आहे. ओलं लाकूड, घाटरस्ता, चढवायची-उतरवायची मजुरी, सगळं त्यात आलं. मिल बांधावर आली तर कडा चुलीला आणि कुंपणाला राहतात. भुसा गोठ्यात अंथरायला, झाडांच्या बुंध्याशी आच्छादनाला राहतो. (ताजा भुसा मातीत मिसळू नका, कुजताना नत्र ओढून घेतो. वरून पसरा.) वाडीतून बाहेर जाते ती फळी, आणि ती टेम्पोतही मावते.

ऑस्ट्रेलियन बाभळीचं उदाहरण घ्या. कोकणात माळावर, बांधावर किती लावली गेली ते तुम्हाला माहीत आहे. आज ती बहुतेक ठिकाणी टनावर, जळाऊ म्हणून जाते. पण हिचं पक्कं लाकूड फर्निचरला चालतं. व्हिएतनामने बाभळीच्याच जातींच्या लागवडीवर फर्निचरचा मोठा धंदा उभा केला. आपल्याकडे सरळ बुंधा आणि वाकडी फांदी एकाच काट्यावर चढते, कारण वेगळं करून कापणारं यंत्र जवळपास नसतं. जिथे कापायची सोय नाही तिथे सगळं लाकूड जळाऊच.

आता वेळेचं बोलतो, कारण लाकडात वेळ म्हणजे पैसा हे आम्ही दापोली-मंडणगडकडच्यांनी चांगलंच बघितलंय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या पट्ट्यात आंबा, फणस, साग, नारळ, पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. निसर्गच्या वेळी रस्ते बंद, वीज कित्येक दिवस नाही, डोक्यावर मृग नक्षत्र. आंब्याचं लाकूड पावसाळी हवेत काही आठवड्यांत निळं-काळं पडतं, भुंगेऱ्याची भोकं दिसायला लागतात. सगळ्यांची झाडं एकदम पडलेली, मग भाव काय मिळणार? कितीतरी बुंधे वाडीतच कुजले, नाहीतर "उचलून नेतो, जागा मोकळी करून देतो" एवढ्या बोलीवर गेले. त्या वेळी विजेवर न चालणारी, वाडीपर्यंत ओढून नेता येणारी एक मिल प्रत्येक तालुक्यात असती, तर पडलेल्या घरांच्या छपरांना लागणारे वासे-रिपा पडलेल्या झाडांतूनच निघाले असते. तेव्हा बंद पडलेली मोठी गिरणी ताशी किती कापते याने कोणाचं पोट भरणार होतं?

मग अशा मिल आपल्याकडे का नाहीत? "परवडत नाही" हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं कायद्यात आहे.

१२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशापासून सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोड रोखायला सॉ मिलवर लगाम घातला. २००२ पासून नवीन गिरणीला केंद्रीय समितीच्या संमतीशिवाय परवानगी नव्हती. २०१५ मध्ये हे काम राज्यस्तरीय समित्यांकडे आलं आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. औद्योगिक वसाहती आणि नगरपालिका हद्द सोडता, अधिसूचित वनाच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत नवीन उद्योग नको, हा त्यातला मोठा नियम. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी नकाशावर १० किलोमीटरचं वर्तुळ काढून बघावं, किती गावं बाहेर उरतात ते कळेल.

या लगामाची गरज होती. त्या काळात जंगलं ज्या वेगाने कापली जात होती ते बघता न्यायालयाने केलं ते योग्यच केलं. माझं भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे. परवाना जागेला बांधलेला आहे. चार भिंती, पत्ता, वीजजोडणी असलेली गिरणी त्यात बसते. चाकांवरची बसत नाही. २०१४ साली देशाने राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण आणलं, शेतकऱ्याला सांगितलं झाडं लावा. जून २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरच्या तोडीसाठी आदर्श नियम राज्यांकडे पाठवले, त्यात नोंदणी आणि परवानगी सोपी करण्यावर भर आहे. चांगलं आहे. पण लावणं सोपं, तोडणं सोपं, आणि कापायला पुन्हा त्याच मोजक्या दारांत उभं राहायचं असेल तर भाव ठरवणारा माणूस बदलत नाही. ऊस लावा म्हणायचं आणि पंचक्रोशीत एकच गुऱ्हाळ ठेवायचं, त्यातला प्रकार.

यावर वनखात्यातली माणसं एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही: "चाकं लावली की गिरणी रात्री जंगलात शिरेल. खैर, साग कापून फळ्या बाहेर येतील, आणि फळीवर झाडाचा पत्ता लिहिलेला नसतो." धोका खरा आहे. म्हणूनच मी सरसकट मोकळीक मागत नाही. पण हेही बघा की चोराकडे आज कटर आहे, पिकअप आहे, आणि रात्र आहे. त्याला मिलची वाट बघावी लागत नाही. इंजिनाचा आवाज करणारं, ट्रेलरवर नंबर असलेलं, तासन् तास एका जागी उभं राहून काम करणारं यंत्र हे चोरीचं सोयीचं हत्यार नव्हे. शिवाय जीपीएस लावून ते कुठे उभं आहे हे खात्याला बसल्या जागी दिसू शकतं.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा: "फळ्या करून ठेवू, पण घेणार कोण?" हाही रास्त. पापुआ न्यू गिनीमध्ये गावकऱ्यांच्या हातात लहान फिरत्या मिल दिल्या गेल्या, 'वोकाबाउट सोमिल' म्हणजे चालती गिरणी. सुटे भाग, दुरुस्ती, हिशोब ठेवणारा माणूस आणि माल नेणारा रस्ता यांची सोय जिथे नव्हती तिथे त्या गंजत पडल्या. नुसतं यंत्र आणून काही होत नाही. ट्रॅक्टरच्या अवजारांचं आपल्याकडे काय होतं ते अनुदानाच्या फोटोनंतर प्रत्येक गावात दिसतंच. म्हणून एकट्या शेतकऱ्याने कर्ज काढून मिल घेऊ नये, हे मी इथे ठळकपणे लिहितो. चार बागायतदारांच्या झाडांवर ती चालणार नाही. शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा सहकारी संस्थेने घ्यावी, एक पक्का ऑपरेटर ठेवावा, पाती घासायची सोय करावी, आणि मळणी यंत्रासारखी वाडीवाडीतून भाड्याने फिरवावी.

तर मागणी काय? पाच गोष्टी.

१. परवाना जागेऐवजी यंत्राला आणि ऑपरेटरला द्यावा. यंत्रावर क्रमांक, जीपीएस, आणि ठरलेल्या तालुक्यांपुरती हद्द.

२. फक्त मालकी जमिनीवर, सातबारा आणि तोडीची परवानगी बघूनच कापाई. प्रत्येक कामाची वहीत नोंद: झाड, घेर, लांबी, निघालेल्या फळ्या, वाहतूक पासचा क्रमांक.

३. परवाना शेतकऱ्यांच्या संस्थेलाच. खैर आणि चंदन यांतून पूर्ण वगळावेत.

४. चक्रीवादळासारख्या आपत्तीत पंचनाम्याच्या आधारावर पडलेली झाडं जागेवर कापायला काही महिन्यांची तात्पुरती मुभा.

५. दापोलीच्या विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे, बंगळुरूला लाकूड विज्ञान संस्था आहे. त्यांनी आपल्या आंबा, फणस, बाभूळ, किंजळीवर चाचण्या घेऊन उतारा, पात्याचं आयुष्य आणि वाळवणीचे आकडे जाहीर करावेत. कृषी अधिकारी मित्रांनो, हे काम तुमच्या मागणीशिवाय होणार नाही.

परवानगी येईपर्यंत कोणीही गुपचूप यंत्र आणून चालवू नका. विनापरवाना गिरणी म्हणून जप्ती होईल आणि वर सगळ्यांचीच मागणी बदनाम होईल.

तोवर हातात काय आहे? पुष्कळ आहे. झाड विकायच्या आधी स्वतः टेप लावा, छातीच्या उंचीवर घेर आणि सरळ बुंध्याची उंची लिहून ठेवा. सौदा उक्ता करू नका. मोजून द्या, आणि चौथाईने मोजत असतील तर साडेएकवीस टक्के कुठे जातात ते माहीत असू द्या. साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगी आपल्या नावावर काढा. शेजारच्या तिघा-चौघांनी मिळून एक ट्रक भरा आणि परवानाधारक गिरणीत झाड विकण्याऐवजी कापाई देऊन कापून आणा. फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा, टोकांना रंग लावा म्हणजे चिरा कमी पडतील. दिवाळीच्या सुमाराला कापलं तर पावसाळ्याआधी वाळायला मोकळे महिने मिळतात. आंब्यासारख्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया लागते, प्रमाण तज्ज्ञाकडून घ्या.

एकदा तरी स्वतःच्या झाडाची फळी स्वतःच्या पडवीत रचून बघा, आणि मग सुताराशी भाव करा. उभ्या झाडाचा भाव आणि फळीचा भाव यांत किती अंतर आहे ते तेव्हा कळेल. ते अंतर आज ज्यांच्या खिशात जातं तेच "फिरती मिल परवडत नाही" असं सांगत असतात. त्यांना परवडत नाही, हे मला मान्य आहे.

तुमच्याकडे उभ्या झाडाचा सौदा कसा होतो, कापाईचा दर काय आहे, घेर कुठल्या पद्धतीने मोजतात, ते तालुक्याच्या नावासह लिहा. पुढच्या ग्रामसभेच्या आणि उत्पादक कंपनीच्या बैठकीत ठराव मांडायचा तर हातात आपले आकडे हवेत.